उजव्या बाजूचा खिसा

नाना, तुमचा तो निळा कोट मी काल उसवायला घेतला. त्याआधी दोन दिवस तो टेबलावर नुसता पडून होता आणि मी बाकीची कामं काढत होते, नको असलेला पाहुणा घरात बसलेला असावा आणि आपण स्वयंपाकघरातून बाहेरच येऊ नये, तशी. भावानं देवळाली कॅम्पातलं आपलं घर रिकामं केलं तेव्हा आईची पत्र्याची ट्रंक माझ्या वाट्याला आली. वर तिची पातळं, मधे पितळेचा डबा, आणि तळाशी जुन्या चादरीत गुंडाळलेला हा कोट, डांबराच्या गोळ्यांचा वास मारणारा. मला वाटलं होतं, तो तुम्ही कधीच कुणाला तरी देऊन टाकला असेल. तुम्हाला जाऊन आता सत्तावीस वर्षं होतील. म्हणजे तुमच्यामागे आईनं तो जपला आणि मला एका शब्दानं सांगितलं नाही. न सांगण्याच्या बाबतीत तुम्ही दोघं एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं असे होतात.

उसवायचं कारण तसं साधं होतं. माझ्या लेकीला थंडीत गाडीवर घालायला बिनबाह्यांचं जाकीट हवं होतं. ही तुमची नात, तुम्ही गेल्यावर तीन वर्षांनी झालेली. कापड अजून खणखणीत आहे, कुठं विरलेलं नाही. पण खरं सांगायचं तर मला आत काय आहे ते बघायचं होतं. तेराव्या वर्षापासून माझ्या डोक्यात तुमच्यासाठी एकच प्रश्न आहे आणि तुमच्यापुढे बसून तो नीट विचारायची वेळ मी येऊ दिली नाही. अख्ख्या देवळाली कॅम्पात तुमच्यासारखा रफूचा हात कुणाचा नव्हता. लष्करातल्या साहेबांच्या पँटीला सिगारेटनं पडलेलं भोक तुम्ही असं बुजवायचात की साहेबालाच ते कुठं होतं ते सापडायचं नाही. मग त्या कोटाचा वरचा खिसा तुम्ही उजव्या बाजूला का ठेवलात?

तुमचं दुकान मला अजून वासासकट आठवतं. इस्त्रीखाली ओलं फडकं, मशीनचं तेल, आणि खुंट्यांवर ओळीनं लटकलेले हिरवे गणवेश. मी पाच-सहा वर्षांची आहे, पडद्यामागे पाटावर बसले आहे आणि तुम्ही माझ्या हातात अर्धं ब्लेड देता, एका बाजूला कागद गुंडाळलेलं. तुम्ही मला आधी शिवायला शिकवलंच नाही, उसवायला शिकवलंत. दोन वर्षं मी नुसती उसवत होते. मी कंटाळले की तुम्ही म्हणायचात, "घाई नाय करायची. शिवणारा कुठं दमला, कुठं त्याचं लक्ष उडालं, समदं आतून दिसतं. कापड लय बोलतं, पोरी." मला काही ऐकू यायचं नाही, पण मी हो म्हणायची, कारण उसवताना मला डावा हात वापरायला मिळायचा.

तो डावा हात म्हणजे घरातलं संकट होतं. देवळात मी प्रसादासाठी डावा हात पुढे केला आणि पुजाऱ्यानं आपला मागे घेतला, तेव्हापासून आई त्या हाताला चिंधी बांधून ठेवायची, मुठीवरून दोन वेढे आणि घट्ट गाठ. पहिलीच्या बाईंनी पट्टीनं बोटं सुजवली ती वेगळीच. दुकानात आले की तुम्ही ती चिंधी सोडायचात. "हितं कोण बघतंय? उसवणाऱ्याचा हात कोंचा ते धाग्याला कळत नाय." आणि घरी जायच्या वेळी ती परत बांधून द्यायचात, तेवढेच वेढे, तशीच गाठ, आईला संशय येऊ नये म्हणून. बायकोची गाठ हुबेहूब बांधता येणारा नवरा मी दुसरा पाहिला नाही. पण घरी तुम्ही आईला कधी म्हणाला नाहीत की राहू दे पोरीचा हात मोकळा. त्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही. आता वाटतं, थोडा रागही येतो.

आठवीला तुम्ही मला नाशिकच्या मोठ्या शाळेत घातलंत. तोवर मी उजव्या हातानं लिहायला लागले होते, अक्षर गिचमिड पण हात उजवा. नव्या शाळेत माझ्या डाव्या हाताची गोष्ट कुणालाही ठाऊक नव्हती आणि ती कळू द्यायची नाही असं मी ठरवून टाकलं होतं. दिवाळीनंतर शाळेनं कळवलं की थंडीत गणवेशावर निळा कोट हवा. कॅम्पात साहेब लोकांच्या बदल्या व्हायच्या, जाताना ते सामान वाटून, विकून जायचे, आणि तुमच्याकडे कुठूनसा एक निळा कोट आला. कुणाचा होता हो तो? हेही मला विचारायचं आहे. तुम्ही तीन रविवार त्याच्यावर बसलात आणि मला पडद्यामागे येऊ दिलं नाहीत. चौथ्या रविवारी कोट माझ्या खांद्यावर होता, मापात, इस्त्री केलेला. मी विचारलं, "नवा?" तुम्ही म्हणालात, "तुझ्यासाठी नवाच." हे उत्तर खोटं नव्हतं, एवढं मला आज मान्य आहे.

नऊ दिवस मी तो घातला. दहाव्या दिवशी शिवणाचा तास होता. आमच्या शिवणाच्या बाई म्हणजे एक भली बाई, डोळ्यांवर जाड चष्मा आणि पदराला कायम दोन सुया. त्या बाकांमधून फिरत होत्या, माझ्यापाशी थांबल्या, वाकल्या, माझी कॉलर उलटी करून बघितली. मग म्हणाल्या, "काढ ग जरा कोट." आणि तो हातात उंच धरून अख्ख्या वर्गाला हाक मारली. "मुलींनो, इकडे बघा सगळ्या. या कोटात वेगळं काय आहे, सांगा बरं?" कुणाला सांगता येईना. "अगं, खिसा! कोटाचा वरचा खिसा नेहमी डाव्या छातीवर असतो, हा उजवीकडे आहे. म्हणजे हा कोट पलटवलेला आहे. जुना कोट पार उसवायचा, रंग उडालेली बाजू आत घालायची, आतली कोरी बाजू बाहेर काढायची आणि पुन्हा शिवायचा. मग आरशातल्यासारखं डावं ते उजवं होतं. पुरुषाच्या कोटाची काजं डावीकडे असतात, ती उजवीकडे येतात, म्हणजे आपोआप मुलीचा कोट होतो. काय हुशारी आहे बघा! कुणी शिवला ग?" मी म्हटलं, वडिलांनी. "त्यांना माझा नमस्कार सांग हो. असा हात आता बघायला मिळत नाही."

तो नमस्कार मी तुम्हाला कधी सांगितला नाही, नाना. आज पोचवते. त्या बाई मनापासून बोलत होत्या, पण वर्गानं त्यातलं ऐकलं ते एवढंच की कोट जुना आहे. मागच्या बाकावरच्या एकीनं अगदी सरळपणे विचारलं, "आधी कुणाचा होता ग?" आणि हसू फुटलं. वाईट हसू नव्हतं, आठवीतल्या मुलींना हसायला कारण लागत नाही. मला मात्र तो कोट परत घालवेना. तो दप्तराखाली दाबून मी घरी आले.

घरी म्हणजे आधी दुकानात. बाकावर दोन जवान आणि एक सुभेदार पँटी घ्यायला बसलेले आहेत, तुमच्या दातांत धागा आहे. मी दप्तर आपटते आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. "लोकांची भोकं बुजवत बसता दिवसभर, माझा एवढा खिसा बुजवता आला नाही तुम्हाला? दुसऱ्यांचं उतरलेलं घालायला देता मला!" तुम्ही दातांतला धागा काढता. माझ्याकडे बघता, मग कोटाकडे. आणि म्हणता, "येतो बुजवता." बस्स, एवढंच. सुभेदार म्हणाला, "बच्ची है, मास्टरजी, जाने दो." तुम्ही परत मशीन चालू केलंत. मला वाटलं होतं तुम्ही ओरडाल, निदान उद्या बुजवून देतो म्हणाल. तुम्ही दोन्हीतलं काही केलं नाहीत, आणि 'येतो' म्हणालात तर मग केलं का नाही, हे कोडं मी त्या दिवसापासून घेऊन फिरते आहे.

ती थंडी मी स्वेटरवर काढली. शाळेत सांगायची, कोट धुवायला टाकलाय. जानेवारीत वर्गशिक्षिका म्हणाल्या, "काय ग, गोदावरीला घेऊन गेलात काय धुवायला? अजून वाळेना तो?" त्यानंतर मी तुम्हाला माझं काही शिवू दिलं नाही. गणवेश नाशिकमधून, पंजाबी ड्रेस नाशिकमधून. लग्नाच्या शालूवरच्या ब्लाउजचं कापड तुम्ही खांद्यावर टेप टाकून हातात घेतलंत, तर मी म्हटलं, "राहू द्या नाना, तिकडे फॅशनचं शिवतात." तुम्ही कापडाची घडी घातलीत, काठाला काठ जुळवून, आणि माझ्या हातात परत दिलीत. दोन वर्षांनी तुम्ही गेलात. त्या घडीची मला इतकी लाज वाटते की हे लिहिताना मी उठून पाणी पिऊन आले.

आणि आता गंमत ऐका. खाण तशी माती म्हणतात ते खोटं नाही. पंचवटीत भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर, माझी एक खोली आहे, दोन मशीनं आहेत, आणि मी जुन्या कपड्यांचे नवे कपडे करते. नऊवारीचे कुर्ते, पडद्यांची जाकिटं, नवऱ्यांच्या पँटींचे फ्रॉक, टायांचे कमरपट्टे. एका बाईनं सोफ्याची खोळ आणली होती, तिचा असा झकास ओव्हरकोट झाला की तिच्या घरच्यांनी तो सोफा ओळखला नाही. तुम्ही हे करायचात तेव्हा त्याला काटकसर म्हणत आणि लोक पाठीमागे हसत. आता त्याला इंग्रजी नाव आहे आणि कॉलेजच्या मुली मैत्रिणींना ओरडून सांगतात, अगं हा आमच्या हॉलचा पडदा होता! त्यांच्याकडे बघून मला हेवा वाटतो. वर्गात त्या दिवशी असं ओरडून सांगता आलं असतं तर माझं अर्धं आयुष्य वेगळं गेलं असतं, निदान ब्लाउज तरी.

तर काल. उसवण्याआधी लेकीनं कोट अंगात घालून बघितला. तिला तो खांद्यात थोडा आवळतो, पण बसतो. ती डावखुरी आहे, माझ्यासारखीच, फक्त तिच्या हाताला कुणी चिंधी बांधली नाही. आरशापुढे वळता वळता तिचा फोन वाजला, तिनं बघितला आणि बोलता बोलता खिशात टाकला, डाव्या हातानं, उजव्या छातीवरच्या खिशात, न बघता. "आई, हा खिसा मस्तंय ग. बरोबर हाताशी येतो. कुणी शिवला?" मी म्हटलं, तुझ्या आजोबांनी. आणि ब्लेड शोधायला लागले, कारण तिच्यासमोर डोळे पुसायचे नव्हते.

मग मी तुमच्यासारखं बसले, पाय दुमडून, कोट मांडीवर. अस्तर सोडलं. खांद्याला ताठपणा देणारं कॅनव्हास बाजूला केलं. टाके इतके सारखे की मला राग यायला लागला, माणसाचा हात कधी तरी चुकायला नको? पुढचा उजवा भाग मोकळा करून मी खिडकीपाशी नेला आणि उजेडात धरला. खिशाच्या वर, दोन बोटांवर, कापडात एक आडवी पट्टी जरा दाट दिसली. आधी वाटलं डाग आहे. मग चष्मा लावला. ती रफू होती, नाना. कोट पलटवल्यावर उजवीकडे आलेली साहेबाच्या खिशाची जुनी चीर तुम्ही बुजवली होती, कोटाच्याच शिवणीतल्या जादा कापडातून धागे ओढून, एकेक धागा उभा-आडवा विणून. बाहेरून हात फिरवला तरी लागत नाही. शिवणाच्या बाईंच्या जाड चष्म्यालाही दिसली नाही. आणि ती चीर बुजवल्यावर, तिच्याखाली, तेरा वर्षांच्या मुलीचा डावा हात जिथं सहज पोचेल तिथं, तुम्ही चांगलं कापड पुन्हा कापून नवा खिसा केला होता.

म्हणजे खिसा राहून गेलेला नव्हताच. बाई फसल्या, वर्ग फसला, आणि मी तुमच्या तोंडावर जे ओरडले ते तर तुम्ही आधीच करून बसला होतात. त्या रफूला किती वेळ लागला असेल? एक अख्खा रविवार? डाव्या बाजूला खिसा ठेवणं किती सोपं होतं, सगळ्या जगाचा असतो तसा. तुम्ही घरात आईला जे म्हणू शकला नाहीत ते बहुतेक इथं, पडद्यामागे, कापडात म्हणून घेतलंत. पण मग मला का नाही सांगितलंत? त्या सुभेदारासमोर एवढं म्हणायला काय हरकत होती की पोरी, हा तुझ्या हातासाठी आहे? की गावासमोर माझ्या डाव्या हाताचं नाव काढायचं नाही म्हणून गप्प बसलात? तसं असेल तर माझं गुपित तुम्ही माझ्याहून जास्त सांभाळलंत.

बाह्यांचं तर मला अजूनच नवल वाटतं. बाहीचं तोंड उसवलं तर आत जुन्या टाक्यांच्या भोकांच्या दोन ओळी निघाल्या, आणि तिसरी मी आत्ता सोडलेली. पहिली ओळ तेराव्या वर्षाची. दुसरी तिच्या दीड बोट खाली, तिसरी आणखी एक बोट खाली, तिचा दोरा वेगळा, जरा काळपट. म्हणजे मी तो कोट टाकून दिल्यावर तुम्ही दोनदा बाह्या सोडून लांब केल्यात. दोनदा, नाना! न घालणाऱ्या मुलीसाठी! आणि माप कुठून घेतलंत? मी तुमच्यासमोर हात लांब करून उभी राहिले नव्हते. दोरीवर वाळत घातलेल्या माझ्या शाळेच्या शर्टांना टेप लावलात का, मी शाळेत गेल्यावर? मला ते चित्र डोळ्यांसमोरून जात नाही, तुम्ही अंगणात ओल्या बाहीला टेप लावताय आणि आई आतून बघतेय. लेकीला तो कोट खांद्यात आवळतो पण बाहीत बरोबर येतो, तो त्यामुळं.

जाकीट होणार नाही आता. लेकीला सांगितलं, तर ती म्हणाली, "मग पूर्ण कोटच दे ना. पण खिसा हलवू नकोस." मी तो परत शिवायला घेतला आहे. खांद्यात दाब आहे, शिवणीत दुमडलेलं जादा कापड, तुम्ही तिथंही बोटभर सोडून ठेवलं होतंच. टाके तुमच्या भोकांतूनच घालते. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, मापाच्या वहीत राहील, आणि लेकीनं वाचलं तर वाचलं.

एक मात्र राहिलं. इतकी पानं मी तुम्हाला विचारत बसले की खिसा तिथं का ठेवलात, आणि तुम्हाला वाटेल पोरीला खरंच कधी कळलं नाही. रफू काल दिसली, पण खिसा कुणासाठी ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. कॅम्पातून सुटलेली सकाळची बस, बसायला जागा नाही, उजव्या हातानं वरचा दांडा धरलेला. कंडक्टरनं तिकीट दिलं, मी ते डाव्या हातात घेतलं, आणि तो हात आपोआप छातीवर गेला आणि तिकीट खिशात पडलं. मला हसू आलं होतं. नाशिकरोड यायच्या आत मला ठाऊक होतं की हा खिसा कुणासाठी आहे आणि तो का आहे, आणि नऊ दिवस मी त्या आनंदात होते. बाईंनी वर्गासमोर कोट धरला तेव्हा जुन्या कोटाची मला तेवढी लाज वाटलीच नव्हती. चोराच्या मनात चांदणं, मला वाटलं, आता कुणीतरी विचारणार की खिसा उजवीकडे ठेवलाच कशाला, आणि माझा हात सगळ्यांना कळणार. जुन्या कोटावर रागावणं त्यापेक्षा सोपं होतं. तुम्ही "येतो बुजवता" म्हणालात आणि माझ्याकडे बघत थांबलात, तेव्हा मी मान खाली घातली ती रागानं नव्हे. मला माहीत होतं, नाना, आणि मी ते तुम्हाला कळू दिलं नाही.